ज्येष्ठांतील जुनाट टॉन्सिलशोथ आणि विषाणूसंसर्ग

पडजिभेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या टॉन्सिलचा दाह महिनोन्‌महिने रेंगाळला किंवा पुन्हा पुन्हा उसळला, तर त्याला जुनाट टॉन्सिलशोथ म्हणतात. पारिभाषिक मराठीत तो गिलायुशोथ. सुश्रुतसंहितेतील तालुरोगांत आलेली ‘तुंडिकेरी’ याच्याशी जुळते. टीकाकारांनी ही सूज वनकापसाच्या फळासारखी म्हटली आहे. कापूस पिकवणाऱ्या विदर्भात ही उपमा समजावून सांगावी लागत नाही.

टॉन्सिल बालपणी मोठे असतात आणि वयात आल्यावर आक्रसू लागतात. साठीनंतर अनेकांच्या घशात टॉर्च मारूनही ते नीट दिसत नाहीत. त्यामुळे या वयात खरा जुनाट टॉन्सिलशोथ कमीच आढळतो. ‘मला टॉन्सिलचा त्रास आहे’ म्हणत आलेल्या आजोबांच्या घशातील खवखव बरेचदा वर चढणारे आम्ल, औषधांमुळे आटलेली लाळ किंवा तंबाखू यांची असते.

घशाच्या अचानक उद्‌भवणाऱ्या दाहामागे मात्र बहुधा विषाणूच असतात : ऱ्हायनोव्हायरस, ॲडिनोव्हायरस, इन्फ्लुएंझा, कोरोना. प्रौढांच्या घसादुखीत स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा वाटा साधारण 5 ते 15 टक्केच. वयस्कांना हे विषाणू अनेकदा शाळेतून आलेल्या नातवंडांकडूनच मिळतात.

जुनाट दाहात विषाणूंचे काम नेमके काय, हा अवघड प्रश्न आहे. काही विषाणू टॉन्सिलमध्येच मुक्काम करतात. ॲडिनोव्हायरस 1953 मध्ये प्रथम सापडला तो ॲडिनॉइडच्या, म्हणजे नाकामागील टॉन्सिलसारख्या ग्रंथीच्या, ऊतकात, आणि त्याचे नावही तिथूनच पडले. 1964 मध्ये शोधलेला एपस्टाइन-बार विषाणू जगातील 90 टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात बी-पेशींमध्ये (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) सुप्त असतो आणि अधूनमधून लाळेत उतरतो. म्हणून टॉन्सिलमध्ये विषाणू सापडला म्हणजे दाह त्यानेच केला, असे ठरत नाही. तो दार उघडून देतो, असे म्हणणे अधिक योग्य. विषाणूने पृष्ठभागावरील पेशी दुखावल्या की टॉन्सिलच्या खोलगट विवरांत जिवाणू चिकट थर करून राहतात. या थरात प्रतिजैविक सहज पोचत नाही. मग अन्नकण आणि मृत पेशी साचून पांढरे खडे बनतात, तोंडाला वास येतो. उतारवयात मंदावलेली प्रतिकारशक्ती आणि मधुमेह यांमुळे घसा पूर्ववत व्हायला वेळ लागतो.

नागपुरात घसादुखीचा दोष बहुतेक वेळा संत्र्याला आणि कूलरला दिला जातो. मे महिन्यातील 45 अंशांच्या लू-मध्ये घसा कोरडा पडतो हे खरे, पण उन्हाने वा आंबटाने संसर्ग होत नाही. खरी काळजी खर्ऱ्याची. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला हा खर्रा वर्षानुवर्षे चघळणाऱ्याच्या एकाच बाजूचा टॉन्सिल वाढला, गिळताना कान दुखू लागला किंवा मानेत न दुखणारी गाठ आली, तर तो कर्करोग नाही याची खात्री आधी करावी लागते. इथेही एक विषाणू आहे : ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा 16 क्रमांकाचा प्रकार टॉन्सिलच्या कर्करोगाला कारणीभूत ठरतो. पाश्चात्त्य देशांत त्याचा वाटा मोठा. भारतात तंबाखूच पुढे.

विषाणूजन्य दाहावर प्रतिजैविकांचा उपयोग नाही, तरी औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने तीन दिवसांच्या गोळ्या घेण्याची सवय जात नाही. एपस्टाइन-बारच्या तीव्र आजारात ॲमॉक्सिसिलिन घेतल्यास अंगभर पुरळही उठू शकते. स्ट्रेप्टोकॉकसची शक्यता जोखण्याच्या सुधारित सेंटर (Centor) गुणांकात 45 वर्षे वा त्याहून अधिक वय असल्यास एक गुण वजाच होतो. शस्त्रक्रिया या वयात क्वचित करतात; रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. एकाच बाजूची सूज तीन आठवड्यांत न ओसरल्यास नागपुरातील मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधील एम्सच्या कान-नाक-घसा विभागात दाखवावे. गरज वाटल्यास तिथे तुकडा काढून तपासतात.