एचबीसीयू ग्रंथालयांना निधी उभारणीचं प्रशिक्षण हवं असेल तर अर्ज कुठे करायचा?

अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या ऐतिहासिक महाविद्यालयांना तिथे ‘एचबीसीयू’ म्हणतात. त्यांच्यापैकी एखाद्या ग्रंथालयात तुम्ही नोकरीला असाल, तर देणगीदार शोधणं आणि माजी विद्यार्थ्यांकडे पैसे मागणं हे शिकून घ्यावं लागतं. या शिकण्याचा खर्च सरकारी अनुदानातून निघू शकतो, पण कोणत्याही अनुदानातून नाही.

अमेरिकी केंद्र सरकारच्या अनुदानाचे सर्वसाधारण खर्च-नियम (२ सीएफआर २००.४४२) देणग्या गोळा करण्याच्या मोहिमांचा खर्च अमान्य ठरवतात. तो खर्च योजनेच्याच उद्दिष्टासाठी असेल आणि अनुदान देणाऱ्या खात्याची आधी लेखी परवानगी घेतली असेल, तरच चालतो. त्यामुळे कुठल्याही अर्जात ‘फंडरेझिंग’ अशी मोघम नोंद टाकणं म्हणजे लेखापरीक्षणात स्वतःहून अडकणं.

उच्च शिक्षण कायदा, १९६५ मधल्या ‘टायटल थ्री, पार्ट बी’मध्ये मात्र वाट आहे. मान्य कामांच्या यादीत माजी विद्यार्थी आणि खासगी क्षेत्राकडून येणाऱ्या देणग्या वाढवण्यासाठी डेव्हलपमेंट ऑफिस उभारणं किंवा सुधारणं हे काम स्पष्ट दिलेलं आहे. ग्रंथालयाची पुस्तकं आणि नियतकालिकंही त्याच यादीत येतात. प्रशिक्षणाची मागणी डेव्हलपमेंट ऑफिसच्या कामाला जोडून करावी. ग्रंथालयाने एकट्याने मागू नये, असं माझं मत.

पात्रता ग्रंथालयाची नाही, महाविद्यालयाची पाहतात. ते १९६४ पूर्वी स्थापन झालेलं हवं, कृष्णवर्णीय अमेरिकनांचं शिक्षण हे त्याचं मुख्य ध्येय तेव्हाही असावं आणि आजही, शिवाय मान्यताप्राप्त संस्थेचं अ‍ॅक्रेडिटेशन हवं किंवा त्या दिशेने प्रगती दिसायला हवी. आज बहुसंख्य विद्यार्थी कृष्णवर्णीय आहेत, एवढ्याने एखादं नवं कॉलेज एचबीसीयू होत नाही. अशा कॉलेजांसाठी कायद्यात वेगळी योजना आहे.

हे पैसे स्पर्धेने नाही, सूत्राने वाटतात: निम्मा वाटा पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना केंद्राकडून मिळणारं अर्थसाहाय्य) घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर, पाव वाटा पदवीधरांच्या संख्येवर आणि उरलेला पाव, कृष्णवर्णीयांचं प्रमाण कमी असलेल्या विषयांत पुढचं शिक्षण घ्यायला गेलेल्या पदवीधरांवर. आपल्याकडे अ, ब, क, ड वर्गावरून सार्वजनिक ग्रंथालयाचं अनुदान ठरतं, तसाच हिशेब. म्हणजे चढाओढ असते ती कॅम्पसच्या आतच, आणि पहिला अर्ज जातो आपल्याच कॉलेजच्या टायटल थ्री संचालकांकडे.

त्या अर्जात कोण शिकणार, काय शिकणार, खर्च किती आणि उपयोग झाला हे कशावरून कळणार, एवढं लिहावं. डेव्हलपमेंट ऑफिसचं संमतिपत्र जोडावं. आणखी एक अट विसरू नये: कॉलेज आधीपासून स्वतःच्या पैशातून करत असलेला खर्च या अनुदानावर ढकलता येत नाही.

दुसऱ्या एखाद्या केंद्रीय योजनेसाठी ग्रँट्स डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज करायचा झाला, तर कॉलेजची सॅम डॉट गव्ह या अनुदान घेणाऱ्या संस्थांच्या सरकारी नोंदणी-स्थळावरची नोंदणी चालू आहे का ते आधी तपासा. ती दरवर्षी नवी करावी लागते. तिच्यातूनच १२ अक्षरांकांचा यूईआय, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांक, मिळतो. त्याआधी वापरला जाणारा डन्स क्रमांक एप्रिल २०२२ पासून बंद आहे. नोंदणी मोफत असते, पैसे मागणाऱ्या ‘मदतनीसां’कडे दुर्लक्ष करा. अर्जाचं मुख्य प्रपत्र एसएफ-४२४. ते ग्रंथपाल सादर करत नाही, कॉलेजने नेमलेला अधिकृत प्रतिनिधी करतो. त्याला शेवटच्या दिवशी गाठायला जाऊ नका.

खासगी देणगीदार संस्थेकडे जाताना खासगी कॉलेजने आयआरएसचं (अमेरिकेच्या करखात्याचं) ५०१(सी)(३) पत्र, म्हणजे करमुक्त संस्था असल्याचं पत्र, द्यावं. सरकारी कॉलेजांच्या देणग्या बहुधा वेगळ्या फाउंडेशनमार्फत येतात, तेव्हा पत्र त्या फाउंडेशनचं लागतं. २००२ मध्ये स्थापन झालेल्या एचबीसीयू लायब्ररी अलायन्स या ग्रंथालयांच्या संघटनेत आपलं ग्रंथालय सदस्य आहे का, तेही विचारून ठेवा.

प्रशिक्षणात वस्तुरूप देणग्यांचा भाग जरूर मागा. हॉवर्ड विद्यापीठाचा मूरलँड-स्पिंगार्न संग्रह सुरू झाला तो १९१४ मध्ये जेसी मूरलँड यांनी दिलेल्या खासगी पुस्तकसंग्रहातून. अशा देणगीला आज दानपत्र लागतं. करसवलत घेणाऱ्या देणगीदाराला, वस्तुरूप देणग्या ५०० डॉलरच्या वर गेल्या की प्रपत्र ८२८३ भरावं लागतं, आणि ५,००० डॉलरच्या वर सहसा पात्र मूल्यांकनकाराचा अहवालही. ते मूल्यांकन देणगी घेणाऱ्या ग्रंथालयाने करायचं नसतं. एवढ्या किमतीचा संग्रह ३ वर्षांच्या आत विकला, तर प्रपत्र ८२८२ भरून आयआरएसला कळवायची जबाबदारी मात्र घेणाऱ्याची.