घरघर आणि तिसरी पिन

सोलापूरच्या साखर पेठेतल्या आमच्या मागच्या गल्लीत यंत्रमाग चालू असेपर्यंत ॲम्प्लिफायरच्या घरघरीकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते. रात्री माग थांबले, की दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत स्पीकरमधून येणारा खर्जातला सलग 'हम्म' स्पष्ट ऐकू येई. बोलावलेल्या वायरमनने पाच मिनिटे पाहिले, पकड घेतली आणि प्लगची वरची जाड पिन सरळ मोडून टाकली. घरघर तत्काळ थांबली आणि आम्हीही खूश झालो. ही खुशी किती महागात पडली असती, हे कळायला मला बराच काळ लागला.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि तिची दिशा सेकंदाला ५० आवर्तनांनी बदलत असते. फेजमधून आलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत जातो; तिसऱ्या, म्हणजे अर्थिंगच्या तारेतून एरवी जवळजवळ काहीच वाहत नाही. ती उपकरणाच्या धातूच्या पेटीला स्क्रूने आवळलेली असते, एवढेच. प्लगची वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब ठेवण्यामागेही विचार आहे : प्लग खोचताना अर्थिंग सर्वांत आधी जोडले जावे आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावे. (सॉकेटच्या वरच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर खुपसून खालच्या भोकांत उघड्या तारा कोंबण्याची जी कला आपल्याकडे घरोघर अवगत आहे, तिच्यात या विचाराचा पूर्ण पराभव होतो.)

मग घरघर येते कुठून? आमचा ॲम्प्लिफायर दिवाणखान्यातल्या बोर्डावर होता आणि गाणी ज्यात साठवली होती तो कॉम्प्युटर आतल्या खोलीतल्या बोर्डावर. दोघांनाही आपापले अर्थिंग होते आणि दोघांना जोडणाऱ्या ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीमुळे त्या दोन अर्थिंगच्या तारांचे एक बंद कडे तयार झाले होते. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये अगदी किंचित व्होल्टेजचा फरक असला, तरी त्या कड्यातून ५० आवर्तनांचा प्रवाह फिरू लागतो, आणि जाळीवर पडणारे व्होल्टेज गाण्याच्या सिग्नलमध्ये मिसळते. हा सिग्नल साधारण ०.३ व्होल्टचा असतो. त्यात एक मिलिव्होल्टची भेसळ झाली, तरी शांत खोलीत ती कानाला कळते. पिन मोडली की कडे तुटते आणि आवाज जातो, पण त्याबरोबर पेटीचे संरक्षणही जाते. दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर आणली, किंवा मधे ऑप्टिकल केबल वापरली, तर पिनेला हात न लावता हेच काम होते. सिग्नलच्या सगळ्या केबल काढूनही घरघर राहिली, तर मात्र दोष ॲम्प्लिफायरच्या आत, बहुधा वाळलेल्या कपॅसिटरमध्ये शोधावा.

आता समजा, जुन्या ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फाटून फेज पेटीला चिकटली. अर्थिंग नसेल, तर पेटी २३० व्होल्टवर गुपचूप उभी राहते आणि ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभे राहून तिच्यावरची धूळ पुसणाऱ्याची वाट पाहते. शरीरातून एक मिलिअँपिअर गेला तर झिणझिण्या येतात, दहाच्या पुढे हाताची पकड सुटत नाही आणि तिसाच्या पुढे हृदयाला धोका असतो.

अर्थिंग असले की 'करंट जमिनीत जातो', असे आपण म्हणतो. पण प्रवाहाला जमिनीत मुरायचे नसते, त्याला डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरकडे परत जायचे असते. घराला स्वतःचा अर्थिंगचा खड्डा (जमिनीत पुरलेला पाइप आणि त्याभोवती कोळसा-मीठ) असेल, तर ही परतीची वाट मातीतून जाते. आपल्या खड्ड्याचा रोध ५ ओहम आणि डीपीच्या अर्थिंगचा ५ ओहम धरला, तर प्रवाह २३ अँपिअरच भरतो. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारा खटका, झटक्यात पडायला याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. २३ अँपिअरला तो तासभरही पडला नाही, तर दोष त्याचा नाही. तोवर पेटीवर ११५ व्होल्ट उभे असतात. आणि हे चांगल्या अर्थिंगचे गणित झाले. सोलापूरच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर खोल भेगा पडतात, ती पाइपपासून सुटते, खाली लगेच मुरूम आणि कातळ लागतो, आणि कोळसा-मिठाच्या खड्ड्यात वर्षानुवर्षे कोणी पाणी ओतलेले नसते. तेव्हा रोध किती वाढत असेल याची कल्पना करावी. म्हणूनच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांत तेवढा फरक दिसला, की तो सेकंदाच्या अंशात वीज तोडतो, आणि त्यासाठी त्याला उत्तम अर्थिंगची गरज पडत नाही.

मल्टिमीटरने फेज आणि अर्थिंगमध्ये २३० व्होल्ट दाखवले, म्हणून निर्धास्त होऊ नये. मल्टिमीटर इतका कमी प्रवाह घेतो, की निकामी खड्डाही त्याच्यापुढे पास होतो. जाणकार वायरमन अर्थ टेस्टर लावून थेट रोधच मोजतो.

ज्या उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण असते, त्याचे इन्सुलेशन दुहेरी असते आणि त्याला दोन पिनांची वायर मुळातच योग्य असते. आवाज सुधारतो म्हणून विकल्या जाणाऱ्या हजारो रुपयांच्या पॉवर कॉर्डबद्दल एवढेच सांगतो : ०.७५ चौरस मिलिमीटरच्या दीड मीटर साध्या वायरवर एक अँपिअरला ०.०८ व्होल्ट पडतात, आणि गल्लीतले व्होल्टेज दिवसभरात त्याच्या कितीतरी पट खाली-वर होते.

आमच्याकडे शेवटी नवा प्लग बसला, कॉम्प्युटर दिवाणखान्याच्या बोर्डावर आला आणि घरघर गेली. अर्थिंगचा खड्डा सापडायला मात्र अर्धा दिवस लागला. मोरीची फरशी बदलताना कोणीतरी तो फरशीखालीच गाडून टाकला होता.