खगोलविषयक इंटरनेट रेडिओ

खगोलविषयक इंटरनेट रेडिओ : आकाशनिरीक्षणाचा छंद असलेल्यांसाठी इंटरनेटवरून प्रसारित होणारे श्राव्य कार्यक्रम. काही थेट ऐकवले जातात. बहुतेक पॉडकास्टच्या रूपात येतात, म्हणजे भाग आधी उतरवून घेऊन रेंज नसलेल्या माळावरही ऐकता येतो. ‘आकाशवाणी’ हे नाव खरे तर यांनाच शोभले असते.

अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या मॅकडॉनल्ड वेधशाळेचा ‘स्टारडेट’ हा दोनेक मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम १९७८ पासून देशभर ऐकला जातो. इंटरनेटवर २००६ मध्ये ब्रिटनमधील जॉड्रेल बँक वेधशाळेच्या खगोलज्ञांचा ‘जॉडकास्ट’ आणि फ्रेझर केन व पामेला गे यांचा ‘अ‍ॅस्ट्रॉनॉमी कास्ट’ सुरू झाला. २००९ च्या आंतरराष्ट्रीय खगोल वर्षात ‘३६५ डेज ऑफ अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ ही रोजची मालिका आली. तिचे भाग हौशी मंडळीही करून पाठवत.

तारे पाहणाऱ्याला हे माध्यम मानवते ते डोळ्यांमुळे. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलचा पडदा उजळला की ती कमाई क्षणात जाते. कानात बोलणारा माणूस मात्र काही हिरावून घेत नाही. ठाणे आणि नवी मुंबईच्या उजेडात मोजकेच तारे दिसतात, म्हणून इथले हौशी निरीक्षक कर्जत लोकलने वांगणीकडे जातात. खगोल मंडळ या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेचे रात्रभराचे आकाशदर्शनही तिथे होत आले आहे.

मात्र ऐकलेले जसेच्या तसे आकाशात सापडत नाही. जॉड्रेल बँक ५३ अंश उत्तर अक्षांशावर, ठाणे १९ वर. तिथे उंच असलेला ध्रुव इथे क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. घोडबंदरचा एखादा टॉवर आडवा आला की संपले. उलट अगस्ती हा दक्षिण आकाशातला ठळक तारा जॉड्रेल बँकेत कधी उगवतच नाही आणि न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनला तो कधी मावळत नाही. ठाण्यात फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊला तो दक्षिणेला सुमारे १८ अंशांवर दिसतो. वेळेचेही तसेच. जागतिक वेळेत साडेपाच तास मिळवले तरी भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, त्यामुळे ठाण्याचे आकाश घड्याळाच्या साधारण ३८ मिनिटे मागे चालते. कथाही बदलतात. ओरायनच्या कमरपट्ट्याचे तीन तारे म्हणजे आपल्याकडे मृगाच्या पोटात रुतलेला बाण. त्यांचा ओरायन शिकारी, आपला मृग शिकार, आणि बाण सोडणारा व्याध शेजारीच चमकत असतो.

सर्वाधिक गाजावाजा होतो तो १२-१३ ऑगस्टच्या, ययाती तारकासमूहातील उल्कावर्षावाचा. ऐन श्रावणसरींच्या त्या दिवसांत ठाणे-बेलापूर पट्ट्यातील श्रोत्याला तो बहुधा नुसता ऐकावाच लागतो. त्याच्या वाट्याचा उल्कावर्षाव म्हणजे १३-१४ डिसेंबरचा, मिथुनेतला.