स्मृतिचषक (ठाणे व नवी मुंबई परिसर)

स्मृतिचषक : दिवंगत व्यक्तीच्या नावाने दरवर्षी होणारी क्रीडास्पर्धा. तिच्या विजेत्याला मिळणाऱ्या मानचिन्हालाही हाच शब्द वापरतात. ठाणे व नवी मुंबईत ही व्यक्ती पुष्कळदा खेळाचा नाद असलेला व्यापारी असते : वडिलोपार्जित दुकान, तरुणपणी हुतूतू किंवा क्रिकेट, आणि पुढे आयुष्यभर मंडळाच्या संघाचे बूट, बनियन, प्रवास व खुराक यांचा खर्च. स्पर्धा मुख्यत्वे कबड्डीची, त्याखालोखाल टेनिस चेंडूच्या क्रिकेटची.

संज्ञा : ‘चषक’ म्हणजे मुळात पेयपात्र, ‘करंडक’ म्हणजे झाकणाची पेटी किंवा डबी. त्यामुळे दोन कानांच्या उंच पेल्याला काटेकोरपणे चषकच म्हटले पाहिजे. व्यवहारात मात्र एकांकिकांना करंडक व मैदानी खेळांना चषक असा ढोबळ भेद पडला आहे. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक (१९६३ पासून) हे पहिल्याचे ठळक उदाहरण, तर रणजी करंडक हा दुसऱ्याला अपवाद. शालेय क्रिकेटमध्ये ‘ढाल’ टिकून आहे. समासात ‘स्मृति’ ऱ्हस्व हवे. फलकांवर ‘स्मृती चषक’ असे तोडून व दीर्घ लिहितात. फलक रंगवून बदलता येतो, चषकावर एकदा कोरलेली वेलांटी मात्र राहते. म्हणून कोरणाऱ्याला देण्याचा मजकूर घरातल्या दोघांनी तरी वाचून पाहावा.

उगम : याबाबत दोन मते आहेत. एका मतानुसार ही प्रथा ब्रिटिश काळातील मुंबईच्या स्पर्धांवरून आली. फुटबॉलचा रोव्हर्स चषक (१८९१) व शालेय क्रिकेटची हॅरिस ढाल ही तिची आरंभीची रूपे मानली जातात. यात अडचण अशी की हॅरिस ढालीला ज्याचे नाव आहे तो गव्हर्नर तेव्हा हयात होता. ते देणगीदाराचे नाव, स्मरण नव्हे. स्मरणाचा स्पष्ट हेतू रणजी करंडकात दिसतो : क्रिकेटपटू रणजितसिंह १९३३ मध्ये वारले आणि १९३४ मध्ये स्पर्धा सुरू झाली. डॉ. कांगा यांच्या स्मरणार्थ सुरू झालेली मुंबईची कांगा क्रिकेट लीग (१९४८) त्याच वळणाची. दुसऱ्या मतानुसार मूळ जत्रेतील कुस्त्यांच्या फडात आहे. तेथे गावातील सधन घर वडिलांच्या नावाने चांदीचे कडे किंवा फेटा इनाम लावत असे. चषकाचे रूप व बाद पद्धत पहिल्या परंपरेतून आली हे उघड आहे. पण घराण्याने खर्च करायचा, गावाने मैदान द्यायचे आणि बक्षीस घरातील वडीलधाऱ्या बाईच्या हातून द्यायचे, ही वाटणी दुसऱ्या परंपरेशी अधिक जुळते. प्रस्तुत नोंदीत म्हणून दुसऱ्या मताला झुकते माप दिले आहे.

हयातीतील चषक : दीर्घायुषी व्यापाऱ्यांच्या बाबतीत स्पर्धा मृत्यूच्या आधीच सुरू झालेली असते. निमित्त बहुधा अमृतमहोत्सवाचे (७५) किंवा सहस्रचंद्रदर्शनाचे. एक हजार चांद्रमास म्हणजे सुमारे २९,५३० दिवस, अर्थात ८० वर्षे व साधारण १० महिने. म्हणून हा सोहळा एक्याऐंशीच्या आसपास करतात. पुढे ‘श्री.’च्या जागी ‘कै.’ येते व शीर्षकात ‘स्मृति’ जोडले जाते. स्पर्धेचा क्रमांक मात्र तोच चालू ठेवावा. तो पुन्हा ‘प्रथम’पासून धरल्यास जुन्या विजेत्यांची नावे हिशेबातून गळतात.

तारीख : मृत्यू जुलैत झाला असेल तर स्मृतिदिनी मातीचे मैदान मिळणे अशक्य, ठाण्यात जून ते सप्टेंबर पाऊस असतो. पितृपक्षात उद्घाटन करायला घरचे तयार नसतात, मार्चमध्ये परीक्षा असतात. उरतात दिवाळीनंतरचे तीन महिने आणि एप्रिल-मे. त्यामुळे अनेक घरे तिथी श्राद्धापुरती ठेवून स्पर्धा जयंतीला किंवा हिवाळ्यातील सोयीच्या शनिवार-रविवारला जोडून घेतात. पहिली स्पर्धा शक्यतो वर्षश्राद्धानंतर.

मैदान : पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ × १० मीटर, महिलांचे १२ × ८ मीटर. आखणी काटकोनात आहे की नाही हे कर्ण मोजून कळते : पुरुषांच्या मैदानाचे दोन्ही कर्ण १६.४० मीटर भरले पाहिजेत, महिलांचे १४.४२. निदानरेषा (चढाई करणाऱ्याने ओलांडलीच पाहिजे ती रेषा) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर (महिलांसाठी ३) आणि बोनस रेषा तिच्या पुढे १ मीटर. नवख्यांकडून होणारी नेहमीची चूक म्हणजे निदानरेषा अंतिम रेषेपासून मोजणे. मग ती मध्यरेषेपासून २.७५ मीटरवरच येते आणि चढाई उगाच सोपी होते.

जमीन वीतभर खणून काच, खडे, खिळे वेचतात, चाळलेली लाल माती पसरतात, पाणी मारून रोलर फिरवतात. माती मुठीत वळली पण बोटांना चिकटली नाही, म्हणजे ओल बरोबर. कोरड्या मातीत गुडघे सोलतात. जास्त ओलीत चढाई करणारा वळताना घसरतो आणि घोटा जातो. डिसेंबर-जानेवारीत रात्री दव पडते, म्हणून संध्याकाळचे शिंपण हात राखून करावे. रेषांना फक्की वापरतात. कळीचा चुना टाळावा, कारण पकडीत तोंड जमिनीला लागते व डोळे भाजतात. मॅट घातल्यास १ मीटर चौरसाचे १३० तुकडे लागतात, भोवतालची पट्टी वेगळी. खालची जमीन सपाट नसेल तर तुकड्यांचे दाते सुटतात व फटीत बोटे अडकतात.

कार्यक्रम : समजा २७ संघ आले. ३२ मधून २७ वजा करता पाच संघांना पुढे चाल, म्हणजे पहिली फेरी न खेळता दुसरीत प्रवेश. वरच्या अर्ध्या भागात १४ संघ (दोघांना पुढे चाल), खालच्या भागात १३ (तिघांना). सामने एकूण २६. पुरुषांचा सामना २०-५-२० मिनिटांचा, म्हणजे नाणेफेक व विश्रांती धरून तासभर. ध्वनिवर्धक रात्री १० ला बंद करावा लागतो. सहाला सुरुवात केली तर दोन मैदानांवर संध्याकाळी आठ सामने बसतात. तीन संध्याकाळी २३ सामने उरकून चौथ्या दिवशी उपांत्य व अंतिम ठेवल्यास केवळ एका सामन्याची सवड राहते, आणि ती बहुधा पहिल्या दिवशीची भाषणे खातात. मग स्थानिक स्पर्धांत डाव १५-१५ मिनिटांवर येतो. चिठ्ठ्या सर्व संघांच्या प्रतिनिधींसमोर काढाव्यात. यजमान मंडळाला पुढे चाल मिळाली की कुजबूज होतेच, मग चिठ्ठी खरी असली तरी. पंच जिल्हा संघटनेकडून मागवतात : प्रत्येक मैदानाला एक सरपंच (मुख्य पंच), दोन पंच, एक गुणलेखक व दोन साहाय्यक.

नवी मुंबईत घणसोली, कोपरखैरणे, दिवाळे अशा गावठाणांतून आगरी-कोळी मंडळांचा सहभाग मोठा. सिडकोच्या नोडमधील (नव्याने वसवलेल्या विभागांतील) सोसायट्यांत मात्र क्रिकेटचे एका दिवसात उरकणारे सामने अधिक, आणि नाव कुटुंबाचे असले तरी खर्च सगळे मिळून करतात.

निधी : दरवर्षी गल्ल्यातून पैसे काढून चालवलेली स्पर्धा भावाभावांच्या वाटणीत अडते. पेढी दोन ठिकाणी झाली की चषक कोणाचा, हा प्रश्न दुकानाच्या नावाइतकाच नाजूक. यावर रूढ तोडगा म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाच्या नावे ठेव. १० लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला ७० हजार येतात. त्यात मैदान, पंच व चषकाच्या प्रतिकृती भागतात, रोख बक्षिसे वेगळी उभारावी लागतात. खर्च दुकानाच्या वहीत टाकायचा तर फलकावर दुकानाचे नाव आहे का, हे हिशेब तपासनीस विचारतो. निव्वळ वडिलांच्या स्मरणाचा खर्च घरखर्चात धरला जाण्याचा संभव असतो. कित्येक घरांना फलकावर दुकान नको असते, आणि ते योग्यच वाटते.

फिरता चषक : मुख्य चषक विजेत्याकडे वर्षभर राहतो, सलग तीनदा जिंकल्यास कायमचा, असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो. चषक पितळेवर चांदीचा मुलामा दिलेला असेल तर रोज घासल्याने पितळ उघडे पडते. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबे, निकेल व जस्त असते. चषक देताना पावतीवर संघाच्या दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि परतीची तारीख स्पर्धेच्या महिनाभर आधीची ठेवावी. पुष्कळदा तो आदल्या रात्री, कोणाच्या तरी पोटमाळ्यावरून, एक कान निखळून परत येतो. डाग (झाळ) देऊन कान बसवतात, विजेत्याच्या नावाची नवी पट्टी लाकडी बैठकीवर ठोकतात. बैठक भरली की खाली आणखी एक कडे चढवतात. जुन्या चषकांची उंची त्यामुळे मूळ पेल्याच्या दुप्पट झालेली आढळते.