गळके कपॅसिटर बदलणे (जुन्या संगणकांचे बोर्ड)

जुन्या संगणकाच्या बोर्डावरचे गळू लागलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (कंडेन्सर, म्हणजे विजेचा भार साठवणारे छोटे भाग) काढून, सांडलेला द्रव धुऊन तिथे नवे बसवण्याची दुरुस्ती. यात खरे काम धुण्याचे. नवा कपॅसिटर बसवायला फार वेळ लागत नाही.

कपॅसिटरच्या अॅल्युमिनियमच्या डबीत फॉइलची गुंडाळी, तीत मुरलेला इलेक्ट्रोलाइट (वीजवाहक द्रव) आणि तळाला रबरी बूच असते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बोर्डाच्या पृष्ठभागावर डाखायचे छोटे कपॅसिटर रूढ झाले. त्यांतल्या अनेकांच्या इलेक्ट्रोलाइटने बूचच निकामी केले. मॅकिंटॉश एसई/३० (१९८९), मॅकिंटॉश क्लासिक (१९९०) आणि अमिगा १२०० (१९९२) ही यंत्रे त्यामुळे आजारी पडतात. आवाज बारीक होतो किंवा जातो, पडद्यावर पट्टे उमटतात. १९८४ पासून क्लास या संगणक-साक्षरतेच्या सरकारी प्रकल्पातून भारतीय शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकाचे दुखणे निराळे. तिच्या पॉवर सप्लायमधल्या कागदी फिल्टर कपॅसिटरच्या कवचाला तडे जातात, ओल आत शिरते आणि यंत्र चालू असतानाच धूर येतो.

बेळगाव सीमाभागात ही ओल दुर्लक्षून चालत नाही. सह्याद्रीला टेकलेल्या खानापूर तालुक्यात पावसाळाभर हवा दमट असते, तर पूर्वेकडचे अथणी कोरडे. गळलेला इलेक्ट्रोलाइट ओल धरतो, बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक (वीज वाहणाऱ्या रेषा) खातो, आणि वीज सुरू झाली की अधिकच वेगाने. म्हणून खानापूर-बेळगावकडे माळ्यावर पडलेले यंत्र पावसाळ्यापूर्वी उघडून पाहावे. चालते का म्हणून आधी वीज देऊन बघणे हा सर्वांत वाईट मार्ग. बेळगावच्या उद्यमबागेसारख्या कारखानी वस्तीलाही हे काम उपयोगी आहे, कारण त्या काळातल्या सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांच्या कंट्रोल बोर्डांनाही हाच रोग लागतो.

गळती ओळखायला भिंग पुरते. निरोगी डाख चकचकीत असतो. गळतीखालचा राखाडी, निस्तेज दिसतो आणि शेजारच्या चिपचे पाय हिरवट पडतात. सोल्डरिंग आयर्न टेकवताच मासळीसारखा वास आला तर शंकाच उरत नाही. अशा डाखाला आधी फ्लक्स (डाख नीट वितळून पसरावा म्हणून लावायचा पदार्थ) आणि थोडे नवे शिशाचे सोल्डर द्यावे, मग दोन आयर्नांनी दोन्ही टोके एकदम वितळवून कपॅसिटर उचलावा. पिरगाळून काढण्याची पद्धत प्रचलित असली तरी कुजलेले पॅड (डाख बसायच्या तांब्याच्या चकत्या) तिने उखडतात. ती टाळलेली बरी. जुने सोल्डर तांब्याच्या विणलेल्या वातीने टिपून जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने घासावी. द्रव चिपच्या पोटाखालीही शिरलेला असतो, त्यामुळे एकदा घासून भागत नाही.

नव्या कपॅसिटरची मायक्रोफॅरड क्षमता तीच असावी, व्होल्टेज तितके किंवा जास्त. अॅल्युमिनियमच्या डबीवरची काळी पट्टी ऋण टोक दाखवते. टँटलम कपॅसिटरवरची पट्टी मात्र धन टोक. सवयीने टँटलम उलटा बसला तर वीज देताच पेटतो. टँटलम वापरताना व्होल्टेज दुप्पट धरावे. पडदा अंगातच असलेल्या मॅकिंटॉशमध्ये हात घालण्यापूर्वी पिक्चर ट्यूबमधला साठलेला भार उतरवणे अनिवार्य आहे.

वीज देण्याआधी मल्टिमीटरने सप्लाय आणि ग्राउंड यांत शॉर्ट नाही ना, ते तपासतात. तरीही बोर्ड उठला नाही, तर कपॅसिटरभोवतीचे ट्रॅक एकेक मोजून तुटलेल्या जागी बारीक तार जोडावी लागते.