एक्मोवरील रुग्णाची रक्तशर्करा

हृदय किंवा फुप्फुसे साथ देईनाशी झाली की रुग्णाचे रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून आणि कार्बन डायऑक्साइड काढून ते पुन्हा शरीरात सोडणाऱ्या यंत्राधाराला एक्मो म्हणतात. फुप्फुसांपुरता आधार हवा असेल तर रक्त शिरेत परत जाते. हृदयालाही हवा असेल तर धमनीत. या यंत्रावरील रुग्णांची साखर बहुधा चढलेली असते, मग त्यांना मधुमेह असो वा नसो.

तीव्र रक्तस्रावात साखर वाढते हे फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी 19व्या शतकातच नोंदवले होते. शरीरावर संकट आले की अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल व ग्लुकॅगॉन ही संप्रेरके उसळतात, यकृत साखर ओतू लागते आणि स्नायू इन्शुलिनला दाद देत नाहीत. त्यात उपचारांची भर पडते: रक्तदाब टिकवण्यासाठी दिलेले अ‍ॅड्रिनलिन, स्टेरॉइड, डेक्स्ट्रोजमधून (साखरेच्या द्रावणातून) सोडलेली औषधे, शिरेतून दिलेले पोषण. त्यामुळे 250 मिग्रॅ. प्रति डेसिलिटर या आकड्यात आजार किती आणि उपचार किती, हे वेगळे करणे अवघड असते.

फार चढलेली साखर रक्तवाहिन्यांचे अस्तर बिघडवते, पांढऱ्या पेशींची जंतूंशी लढण्याची ताकद कमी करते आणि प्राणवायूला मुकलेल्या मेंदूची हानी वाढवते. तरीही वाईट फलानुमानाशी, म्हणजे रुग्ण न सावरण्याशी, तिचा संबंध दिसतो म्हणून तीच मृत्यूचे कारण, असे म्हणता येत नाही. जितका आजार गंभीर तितकी साखर जास्त, एवढ्यानेही तो संबंध दिसू शकतो.

एकाच आकड्याचा अर्थ सर्वांसाठी सारखा नसतो. तो लावण्यासाठी दाखल होतानाच्या साखरेला एचबीएवनसीवरून (गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणाऱ्या रक्तचाचणीवरून) काढलेल्या नेहमीच्या सरासरी साखरेने भागतात. एचबीएवनसी 6 टक्के असेल तर सरासरी साधारण 126 येते, म्हणजे 250 ही दुप्पट झाली. एचबीएवनसी 9 टक्के असणाऱ्याची सरासरी 212 असल्याने तीच 250 त्याच्यासाठी जेमतेम सव्वापटीच्या आत. पहिल्या रुग्णाला बसलेला धक्का मोठा. अडचण अशी की एक्मोवर रक्त वारंवार चढवावे लागते आणि दात्याच्या तांबड्या पेशी मिसळल्या की एचबीएवनसी भरवशाचे राहत नाही. नमुना रक्त चढवण्याआधीचाच हवा.

मोजमापातही फसगत होते. रक्तात तांबड्या पेशी कमी झालेल्या असताना बोट टोचून वापरायचे ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवू शकते. हातपाय गार पडले असतील तर बोटातल्या रक्तावर विसंबणेच चूक. धमनीतल्या नळीतून नमुना घेऊन रक्तवायू तपासणी यंत्रावर तो पाहावा. खोटी चढलेली साखर पाहून इन्शुलिन वाढवले तर बेशुद्ध रुग्णात खरी घसरण कुणाच्या लक्षातही येणार नाही.

साखर किती ठेवावी यावरचा मोठा पुरावा एक्मोबाहेरचा आहे. 2001 मध्ये बेल्जियममधील ल्यूवेन येथील चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता रुग्णांत 80 ते 110 एवढी काटेकोर पातळी राखल्याने मृत्यू घटले. 2009 च्या नाइस-शुगर चाचणीत सुमारे 6,100 रुग्णांत उलटेच दिसले: काटेकोर गटात 90 दिवसांतील मृत्यू 27.5 टक्के, सैल गटात 24.9 टक्के, साखर धोकादायकरीत्या घसरण्याचे प्रमाण 6.8 टक्के विरुद्ध 0.5 टक्का. तेव्हापासून 180 च्या वर इन्शुलिन सुरू करून 140 ते 180 मध्ये ठेवण्याचा प्रघात रुळला. एक्मोवर दुसरे काही ठरेपर्यंत तोच वापरणे शहाणपणाचे.

एका आकड्यापेक्षा साखरेची चाल अधिक बोलकी असते. मोठे चढउतार वाईट फलानुमानाशी जोडलेले आढळतात. इन्शुलिन न देताच साखर खाली येऊ लागली आणि लॅक्टेट (पेशींना प्राणवायू कमी पडल्यावर किंवा यकृत ते हटवू शकत नसल्यावर रक्तात साचणारा पदार्थ) वर चालले, तर यकृत थकल्याची शंका घ्यावी. ही घसरण चढलेल्या साखरेपेक्षा भयावह. स्थिर असलेल्या रुग्णाला अचानक जास्त इन्शुलिन लागू लागले तर नवा जंतुसंसर्ग शोधावा. याउलट हृदय सावरून अ‍ॅड्रिनलिनचा डोस उतरला की इन्शुलिनची गरजही झपाट्याने उतरते, आणि इन्शुलिनचा पंप जुन्याच वेगाने चालू राहिला तर सुधारणाऱ्या रुग्णाचीच साखर कोसळते.