युद्ध झालं तर सरकार सक्तीने सैन्यात बोलावेल का? कायदा काय सांगतो, आणि स्वतःहून जायचं असेल तर अर्ज कसा करायचा

९ मे २०२५ ला टीव्हीवर एक पट्टी फिरत होती: लष्करप्रमुखांना टेरिटोरियल आर्मी (नोकरी-धंदा सांभाळून लष्करात सेवा करणाऱ्यांचं दल) पाचारण करण्याचे अधिकार. तासाभरात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्याचं ‘आता घरटी एक तरुण सैन्यात’ असं होऊन गेलं. रात्री साडेनऊला शेजारच्या काकू दारात. “तू कायद्याचं वाचत असतोस ना? आमच्या लेकाला नेतील का रे? सव्वीस वर्षांचा आहे, सरकारी नोकरीत आहे.” मी म्हटलं, काकू, असं कुणी कुणाला उचलून नेत नाही, निवांत झोपा. त्या गेल्यावर मूळ कायदा काढून बसलो. दिलेलं उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्यांच्या मुलापुरतं अर्धवट निघालं.

आधी सरळ उत्तर. भारतात सगळ्या तरुणांना सरसकट सैन्यात भरती करून घेणारा कायदा आज नाही. १९५० चा लष्कर कायदा भरतीबद्दल बोलतो तो ‘भरती होण्याची इच्छा असलेल्या’ माणसाबद्दल. सक्तीबद्दल त्यात अवाक्षर नाही. इंग्रजांनीसुद्धा दुसऱ्या महायुद्धात हिंदी माणसावर लष्करी सेवेची सक्ती केली नव्हती. तेव्हाचं पंचवीस लाखांवर गेलेलं हिंदी लष्कर स्वेच्छेने भरती झालेल्यांचंच होतं. कुणी पोटासाठी गेलं, कुणी घराण्याच्या रिवाजाने गेलं, तो भाग वेगळा.

मात्र राज्यघटनेने हे दार बंद केलेलं नाही, नुसतं लोटून ठेवलंय. कलम २३ वेठबिगारीवर बंदी घालतं, पण त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादायला राज्याला आडकाठी नाही. अट इतकीच की केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेदभाव करायचा नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांतही ‘आवाहन केल्यास देशाचं रक्षण करणं आणि राष्ट्रीय सेवा बजावणं’ हे एक आहे. नुसत्या कर्तव्याच्या कलमावर कुणाला बराकीत नेता येत नाही, त्यासाठी संसदेला कायदा करावा लागेल. तो करायचा ठरवला तर घटना आडवी येणार नाही, एवढाच याचा अर्थ.

सक्तीच्या जवळपास आपण एकदा जाऊन आलोय. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक केली. त्या पिढीतल्या कुणाला विचारा, रविवारची परेड चुकवायच्या युक्त्या आजही पाठ असतील.

आता ९ मेच्या बातमीकडे. संरक्षण मंत्रालयाचा आदेश होता ६ मेचा, १९४८ च्या टेरिटोरियल आर्मी नियमांतल्या नियम ३३ खालचा. त्यात लष्करप्रमुखांना अधिकार दिला होता तो टेरिटोरियल आर्मीतल्या अधिकाऱ्यांना आणि भरती झालेल्या जवानांना बोलावण्याचा. ३२ इन्फन्ट्री बटालियनपैकी १४ प्रत्यक्ष सेवेत घ्यायच्या होत्या, आणि आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८. म्हणजे ज्यांनी आधीच सही करून वर्दी घेतली आहे त्यांनाच बोलावणं. बाहेरच्या माणसाचा त्यात उल्लेखही नव्हता. वेळ आलीच तर आधी नियमित सैन्य, त्याच्या जोडीला राखीव यादीतले निवृत्त जवान आणि टेरिटोरियल आर्मी. तुमचा-आमचा नंबर यायच्या आधी संसदेत नवा कायदा व्हावा लागेल.

आता काकूंच्या मुलाची गोष्ट. १९४८ च्या टेरिटोरियल आर्मी कायद्यात नंतर घातलेलं ६-अ हे कलम फारसं कुणी वाचत नाही. सरकारी नोकरीत असलेला, किंवा वीज, गॅस, पाणी, सार्वजनिक वाहतूक अशा केंद्राने जाहीर केलेल्या लोकोपयोगी सेवेत असलेला, वीस पूर्ण झालेला आणि चाळिशी न ओलांडलेला माणूस, नियमांच्या अधीन राहून, टेरिटोरियल आर्मीत सेवा द्यायला बांधील ठरवता येतो. कायद्यात ही सोय आहे, रोजच्या व्यवहारात नाही. रेल्वे आणि तेल कंपन्यांची स्वतःची टेरिटोरियल युनिट्स आहेत ती याच विचारातून: युद्धात गाड्या धावत्या आणि इंधन वाहतं राहायला हवं. तरीही सरकारी नोकराने ‘आपला काही संबंध नाही’ असं छातीठोकपणे म्हणू नये.

तसंच यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा आणि वैद्यकीय सेवा परीक्षांची जाहिरात शेवटपर्यंत वाचून पाहा. नेमणूक झालेल्याला गरज पडल्यास किमान चार वर्षं संरक्षण दलात किंवा संरक्षणाशी संबंधित पदावर काम करावं लागेल, नेमणुकीला दहा वर्षं उलटल्यावर ही अट लागू नाही, असं त्यात छापलेलं असतं. पोरं अभ्यासक्रम पाठ करतात, अटींची पानं उलटून टाकतात.

स्वतःहून जायचं असेल तर

नोकरी-धंदा सांभाळून लष्करात सेवा करायचा अधिकृत रस्ता म्हणजे टेरिटोरियल आर्मी. ९ ऑक्टोबर १९४९ ला सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. १९६२, १९६५ आणि १९७१, तिन्ही युद्धांत तिची युनिट्स होती. महाराष्ट्रात कोल्हापूरची १०९ बटालियन मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली आहे, तर छत्रपती संभाजीनगरची १३६ इको बटालियन मराठवाड्यात झाडं लावण्याचं काम करते. धोनीमुळे हे नाव घरोघरी पोचलं, पण त्याची लेफ्टनंट कर्नलची रँक मानद आहे. परीक्षा आणि मुलाखत देऊन अधिकारी झालेला ओळखीचा चेहरा हवा असेल तर काँग्रेसचे नेते सचिन पायलट.

अधिकारी व्हायला पात्रता अशी: भारतीय नागरिक, वय १८ ते ४२, मान्यताप्राप्त विद्यापीठाची पदवी, शरीराने तंदुरुस्त आणि हाताला कायमचं काम. शेवटची अट उलटी वाटेल, पण तीच या सेनेची ओळख आहे. टेरिटोरियल आर्मी पूर्णवेळ नोकरीची हमी देत नाही. पगार मिळतो तो प्रशिक्षणाच्या आणि सेवेत बोलावलेल्या दिवसांचाच, म्हणून पोटापाण्याची दुसरी सोय असलेलाच माणूस त्यांना हवा. नोकरी हवी म्हणून इथे अर्ज करणाऱ्याने वेळ घालवू नये. नियमित सैन्य, पोलीस किंवा निमलष्करी दलात सध्या असलेल्यांनाही अर्ज करता येत नाही. महिलांना आधी बंदी होती. २०१८ मधल्या दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालाने ती उठली. २०२५ च्या जाहिरातीत १९ जागा होत्या, १८ पुरुषांसाठी आणि महिलांसाठी एक. यावरून चुरशीचा अंदाज यावा.

अर्ज टेरिटोरियल आर्मीच्या अधिकृत संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. २०२५ मध्ये मुदत १२ मे ते १० जून होती, शुल्क ५०० रुपये आणि परीक्षा २० जुलैला. परीक्षेचे भाग चार: बुद्धिमापन, प्राथमिक गणित, सामान्य ज्ञान आणि इंग्रजी. प्रत्येक भागात किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के हवेत. त्यानंतर प्राथमिक मुलाखत मंडळ, मग एसएसबी (लष्करी अधिकारी निवडणारं मंडळ), मग वैद्यकीय तपासणी. एसएसबीत पोरं गळतात ती गणितामुळे नव्हे. तिथे पाच दिवस तुम्ही लोकांशी कसे वागता ते बघतात, आणि त्याचा क्लास लावून फारसा उपयोग होत नाही.

कागदपत्रं: इथेच घोडं अडतं

दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र (जन्मतारीख यावरचीच धरतात), पदवी आणि तिच्या गुणपत्रिका, आधार, पॅन, अधिवास दाखला आणि फोटो, इतकं बहुतेकांकडे असतं. अडतं दोन ठिकाणी.

पहिलं, कामाचा पुरावा. नोकरदाराला कार्यालयप्रमुखाच्या सहीशिक्क्याचं सेवा प्रमाणपत्र लागतं, सरकारी कर्मचाऱ्याला खात्याचं ना-हरकत. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्याने नॉन-ज्युडिशियल स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं: व्यवसाय कोणता, वर्षाचं उत्पन्न किती. हा आकडा आयकर विवरणपत्राशी जुळला पाहिजे. कोर्टाबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाने आपल्या मनाने ‘सुमारे पाच लाख’ घातलेले आणि विवरणपत्रात सव्वातीन, असा कागद घेऊन मुलाखतीला बसलेला माणूस मी पाहिलाय. प्रश्न उत्पन्नाचा नव्हताच. खोटं का लिहिलंत, हा होता.

दुसरं, नाव. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर हाच क्रम फिरतो. त्यातून इंग्रजी स्पेलिंग: शाळेत ‘डीएन’ ने सुरू होणारा ज्ञानेश्वर आधार केंद्रात ‘जीवाय’ चा होऊन बाहेर पडतो. क्रम फिरला तर सहसा चालून जातं, अक्षरं बदलली तर पडताळणीत अडतं. जाहिरात यायची वाट न बघता आधार दहावीच्या कागदाप्रमाणे दुरुस्त करून घ्या. दहावीच्याच कागदात चूक असेल तर बोर्डाकडे जावं लागतं, आणि ते काम आठवड्याभरात होत नाही.

ना-हरकतीचंही तेच. ऑनलाइन खिडकी उघडी असते महिनाभर, आणि खात्यातल्या एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला कागदाला तेवढाच वेळ लागतो. काकूंच्या मुलाने पुढे खरंच अर्ज केला (घरात आधी रडारड, मग पेढे). त्याला एकच सांगितलं होतं: जाहिरात यायच्या आधीच ना-हरकतीचा अर्ज आवक विभागात दे, आणि प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नकोस.

जवान म्हणून भरती व्हायचं असेल तर रस्ता मेळाव्याचा, म्हणजे रॅलीचा. वय तेच, १८ ते ४२. जनरल ड्युटीसाठी, म्हणजे साध्या जवानाच्या पदासाठी, दहावी एकूण ४५ टक्क्यांनी आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के. काही ट्रेड्‌समन पदांना (सफाई, मेस अशा कामांच्या) आठवीही चालते. उंची साधारण १६० सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त, पण प्रदेशानुसार मापात फरक असतो, म्हणून रॅलीची जाहिरातच प्रमाण धरावी. १.६ किलोमीटर धावणं, बीमवर पुलअप्स, नऊ फुटी खड्डा ओलांडणं. इथे शाळेच्या कागदांसोबत सरपंच किंवा पोलीस पाटलाचा चारित्र्याचा दाखला, अधिवास आणि जातीचा दाखला लागतो. मूळ कागद आणि साक्षांकित झेरॉक्स वेगवेगळ्या फायलींत ठेवा. पहाटेच्या रांगेत, घामेजल्या हाताने, एका पिशवीतून कागद शोधणारी मुलं बघवत नाहीत.

नोकरीचं काय?

निवड झालेल्या अधिकाऱ्याला वर्षाला साधारण दोन महिने प्रशिक्षणाला द्यावे लागतात, शिवाय सुरुवातीच्या दोन वर्षांत तीन महिन्यांचं प्रशिक्षण वेगळं. खासगी नोकरीत हेच सगळ्यांत जड जातं. लष्करी सेवेला बोलावलेल्या माणसाला परतल्यावर पुन्हा कामावर घेणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे: टेरिटोरियल आर्मी कायद्याचं कलम ७-अ. मालकाने नकार दिला तर प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. कायदा नोकरी वाचवतो. साहेबाचा चेहरा सरळ करणं त्याच्या हातात नाही, तेव्हा अर्ज भरण्याआधी साहेबाशी बोलून घ्या.

ज्यांना बंदूक नको पण मदत करायची आहे त्यांच्यासाठी दोन रस्ते. महाराष्ट्र होमगार्डच्या अलीकडच्या नोंदणीत वय २० ते ५०, दहावी पास, उंची पुरुषांना १६२ आणि महिलांना १५० सेंटिमीटर, आणि धावण्याची चाचणी होती. दुसरा रस्ता १९६८ च्या कायद्याखालचं नागरी संरक्षण दल. ७ मे २०२५ ला देशभर सायरन आणि ब्लॅकआउटचा सराव झाला, तो यांच्याच जिवावर. वय १८ पूर्ण, शिक्षण किमान चौथी, आणि कायद्याच्या शब्दांत सेवा करायला ‘राजी’ असलेला माणूस, म्हणजे इथेही सक्ती नाही. दल सगळ्या जिल्ह्यांत उभं नाही; मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, उरण, तारापूर अशा ठिकाणी आहे. चौकशी नागरी संरक्षणाच्या कार्यालयात किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात करायची, ओळखपत्र, शिक्षणाचा दाखला आणि फोटो सोबत घेऊन.

हे सगळं ऐकल्यावर काकूंनी विचारलं, “चौथी? मी तर जुनी अकरावी आहे. मला घेतील?”

म्हटलं, फोटो काढून ठेवा.